कोलोन्ना, ओर्सिनी आणि पोप : रोमच्या एका पिढीजात वैराच्या अभ्यासाचा आढावा

इटलीतल्या सरदार घराण्यांच्या वैराचा विषय निघाला की आपल्याकडे फ्लोरेन्सच्या मेदिची आणि पाझींची नावे आधी घेतली जातात. रोमच्या कोलोन्ना घराण्याची कथा त्याहून जुनी, लांबलचक आणि गुंतागुंतीची आहे. बाराव्या शतकाच्या आरंभापासून कागदोपत्री दिसणारे हे घराणे आजही रोममध्ये आपल्या वाड्यात आहे. या घराण्यातून एक पोप झाला. अनेक कार्डिनल, सेनापती आणि व्हाइसरॉय झाले. मिकेलँजेलो जिचा आदर करत असे ती कवयित्री वित्तोरियाही याच घराण्यातली. त्यांचे ओर्सिनी घराण्याशी असलेले वैर रोमच्या मध्ययुगीन आणि प्रबोधनकालीन इतिहासाचा कणा मानले गेले.

मात्र हे वैर नेमके कशाचे होते, याबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. कुणाला त्यात खुनाचा बदला खुनाने घेणारे रक्ताचे वैर दिसते, तर कुणाला सम्राट आणि पोप यांच्या झगड्याची स्थानिक आवृत्ती. दोन्ही घराणी पोपच्या दरबारातल्या पैशावर आणि पदांवर वाढली आणि त्याच वाट्यासाठी भांडली, असे म्हणणारेही आहेत. गेल्या साठ-सत्तर वर्षांत दफ्तरांवर आधारलेले बरेच काम झाल्याने या प्रश्नाची मांडणी पालटली आहे. त्या कामाचा हा आढावा आहे.

दोन घराणी कशी वाढली

कोलोन्ना हे रोमच्या आग्नेयेला आल्बान टेकड्यांजवळचे छोटे गाव. घराण्याचे नाव त्यावरूनच पडले. तुस्कुलुमच्या काउंटांशी त्यांचे नाते असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. घराण्याची खरी ताकद पालेस्त्रीना या डोंगरउतारावरच्या नगरात होती. प्राचीन रोमनांच्या फोर्तुना देवीच्या मंदिराच्या प्रचंड चौथऱ्यांवर हे नगर वसले होते. शहरात क्विरिनाल टेकडीचा उतार, सांती आपोस्तोलीचा परिसर आणि ऑगस्टस सम्राटाची समाधी हे त्यांचे अड्डे. ती समाधी त्यांनी गढी म्हणून वापरली.

ओर्सिनींचा उदय थेट पोपच्या कृपेतून झाला. बोबोने कुळातला जाचिंतो ११९१ मध्ये तिसरा सेलेस्तीन म्हणून पोप झाला आणि त्याच्या पुतण्यांच्या वंशाला जमिनी मिळाल्या. पुढे १२७७ मध्ये याच घराण्यातला जोवान्नी गाएतानो ओर्सिनी हा तिसरा निकोलस म्हणून गादीवर आला. त्याने आपल्या माणसांना इतके दिले की दान्तेने त्याला नरकात पदविक्रीच्या पाप्यांमध्ये बसवले. रोमच्या उत्तरेचा मुलूख आणि शहरातला मोन्ते जोर्दानो हे त्यांचे बळ.

एक तपशील नजरेतून सुटू नये. याच तिसऱ्या निकोलसने १२७८ मध्ये जाकोमो कोलोन्नाला कार्डिनल केले. वैराच्या कथेत हे बसत नाही, म्हणून लोकप्रिय पुस्तके ते गाळतात. पुढच्या दशकात चौथ्या निकोलसने कोलोन्नांवर इतकी मेहेरनजर केली की त्याला खांबात (कोलोन्ना म्हणजे खांब) कोंडलेला दाखवणारे उपहासचित्र निघाले. १२९२ मध्ये तो वारला तेव्हा कार्डिनलांमध्ये कोलोन्ना आणि ओर्सिनी असे दोन तट पडले आणि दोन वर्षांहून अधिक काळ पोपची गादी रिकामी राहिली. अखेर १२९४ च्या उन्हाळ्यात एका वृद्ध संन्याशाला, पाचव्या सेलेस्तीनला, गादीवर बसवण्यात आले. त्याने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राजीनामा दिला आणि बेनेदेत्तो काएतानी आठवा बोनिफेस झाला.

पालेस्त्रीना ते अनान्यी

१२९७ ते १३०३ ही सहा वर्षे या इतिहासात सर्वाधिक अभ्यासली गेली आहेत आणि तसे होणे योग्यच आहे, कारण सगळे धागे इथे उघडे पडतात. ३ मे १२९७ रोजी स्तेफानो कोलोन्नाने रोमजवळ पोपचा खजिना वाहून नेणारा तांडा लुटला. हा पैसा पोपच्या पुतण्यासाठी जमिनी विकत घ्यायला चालला होता. काएतानी घराणे नव्याने वर येत होते आणि त्याची खरेदी कोलोन्नांच्या मुलखाला भिडत होती. बोनिफेसने खजिना तर मागितलाच, शिवाय स्तेफानो ताब्यात द्या आणि पालेस्त्रीनासह मुख्य ठाण्यांत पोपची शिबंदी घ्या, असे फर्मावले. १० मेच्या पहाटे लुंगेत्झा इथे जाकोमो आणि त्याचा पुतण्या पिएत्रो या दोन्ही कोलोन्ना कार्डिनलांनी जाहीरनामा काढला. सेलेस्तीनचा राजीनामा बेकायदा, म्हणून बोनिफेस पोपच नव्हे, असे त्यात म्हटले होते. साक्षीदारांत फ्रान्सिस्कन कवी याकोपोने दा तोदी होता. त्याच दिवशी बोनिफेसने दोघांची कार्डिनलपदे काढून घेतली आणि वर्षअखेर त्यांच्याविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले.

इथे भाऊबंदकीचा भाग फार महत्त्वाचा आहे. कार्डिनल जाकोमोने घराण्याच्या मालमत्तेचा कारभार आपल्या हाती ठेवून सख्ख्या भावांना त्यांचा वाटा दिला नव्हता. ते भाऊ पोपकडे गेले आणि कोलोन्नांवर चालून गेलेल्या पोपच्या फौजेचे नेतृत्व त्यांच्यापैकीच एकाने, लांदोल्फो कोलोन्नाने केले. ज्या लढ्याला आपण घराण्याचा लढा म्हणतो त्याची एक बाजू वाटणीच्या तंट्याची होती.

१२९८ च्या शरद ऋतूत पालेस्त्रीना पडले. कोलोन्नांचे म्हणणे असे की माफीच्या वचनावर आम्ही शरण आलो. पोपच्या बाजूने हे नाकारले. दान्तेने खोटे वचन देण्याचा सल्ला ग्विदो दा मोन्तेफेल्त्रोच्या तोंडी घातला. पण त्या सल्ल्याला स्वतंत्र दफ्तरी पुरावा मिळत नाही. नगराचे काय झाले याबद्दल मात्र शंका नाही. कॅथेड्रल सोडून सगळे पाडले गेले, जमिनीवर नांगर फिरवून मीठ पेरले गेले. रहिवाशांना खाली सपाटीवर नव्या वस्तीत नेले आणि थोड्याच काळात तीही उठवली. या लोकांचा ना जाहीरनाम्यात हात होता ना लुटीत. सातशे वर्षांच्या लिखाणात त्यांच्याबद्दल फार थोडी वाक्ये आहेत, आणि ही उणीव मला या विषयातली सर्वांत मोठी वाटते.

७ सप्टेंबर १३०३ रोजी बोनिफेसशी भांडण असलेल्या फ्रेंच राजाचा मंत्री गीयोम द नोगारे आणि शार्रा कोलोन्ना यांनी अनान्यीत बोनिफेसला पकडले. शार्राने पोपच्या गालावर थप्पड मारल्याची कथा प्रसिद्ध आहे, पण समकालीन विश्वसनीय साक्षीत तिला आधार नाही. गावकऱ्यांनी दोन दिवसांनी पोपला सोडवले. रोमला आणल्यावर तो ओर्सिनींच्या पहाऱ्यात राहिला आणि ऑक्टोबरमध्ये वारला. या प्रकरणाच्या अभ्यासाला १९९५ मध्ये पक्का पाया मिळाला. बोनिफेसवर मरणोत्तर चाललेल्या खटल्याचे कागद झाँ कोस्त यांनी त्या वर्षी चिकित्सक संपादन करून छापले. त्यामुळे कुठली साक्ष कुणाच्या सांगण्यावरून दिली गेली, हे आता बरेच तपासता येते.

पोप नसलेले रोम

चौदाव्या शतकात पोप आव्हिन्योला गेले. घराण्यांचा दाता दूर गेला, पण पूर्ण तुटला नाही. आंद्रेआस रेबेर्ग यांचा १९९९ चा जर्मन ग्रंथ याच काळाचा आहे. १२७८ ते १३७८ या शंभर वर्षांत कोलोन्ना कार्डिनलांनी चर्चमधली वेतनाची पदे आपल्या माणसांना कशी मिळवून दिली, हे त्यांनी नावानिशी दाखवले आहे. रोमच्या चर्चमधला एखादा कॅनन हा कोलोन्नांचा माणूस असे, आणि त्या नात्यावर त्याच्या भावाची, मेव्हण्याची, गावची निष्ठा बांधली जाई. तलवारीइतकीच ही पदे म्हणजे घराण्याची सत्ता होती.

याच शतकात घराण्यांची एकजूट किती तकलादू होती तेही दिसते. जानेवारी १३२८ मध्ये पोपने बहिष्कृत केलेल्या बव्हेरियाच्या लुडविगला रोममध्ये सम्राटाचा मुकुट मिळाला. रोमन जनतेच्या वतीने तो घालणारा होता शार्रा कोलोन्ना. त्याच वसंतात लुडविगविरुद्धचा पोपचा बहिष्कारनामा सान मार्चेल्लोच्या चौकात धाडसाने वाचून दाखवणारा होता जाकोमो कोलोन्ना, शार्राच्याच भावाचा मुलगा. ओर्सिनींकडेही हेच. १३०४-०५ च्या पेरुजातल्या पोपनिवडीत अकरा महिने घोळ चालला, तो एका बाजूला मात्तेओ रोस्सो ओर्सिनी आणि दुसऱ्या बाजूला नापोलेओने ओर्सिनी असल्याने. नापोलेओने तर कोलोन्नांच्या बाजूने होता.

कोला दि रिएन्झोची १३४७ ची लोकसत्ता ही या वैराची वेगळी कसोटी. एका सराईवाल्याचा मुलगा लोकपाल झाला आणि सरदारांना त्याच्यापुढे शपथ घ्यावी लागली. त्याच्याविरुद्ध कोलोन्ना आणि मारीनोचे ओर्सिनी एका बाजूला आले. दुसऱ्या शाखेचे ओर्सिनी कोलाबरोबर राहिले. २० नोव्हेंबरला सान लोरेन्झो वेशीपाशी झालेल्या लढाईत धाकटा स्तेफानो कोलोन्ना आणि त्याचा कोवळा मुलगा मारले गेले. पेत्रार्क कोलोन्नांच्या आश्रयाखाली वाढलेला आणि कोलाचाही चाहता. त्या काळातली त्याची पत्रे म्हणूनच अस्वस्थ करतात. १३५४ मध्ये जमावाने कोलाला ठार केले, त्याचे प्रेत कोलोन्नांच्या घरांजवळ टांगले आणि ऑगस्टसच्या समाधीपाशी जाळले.

पाचव्या मार्टिननंतरचे शतक

११ नोव्हेंबर १४१७ रोजी कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत ओद्दोने कोलोन्ना पाचवा मार्टिन म्हणून निवडला गेला आणि चर्चमधली चाळीस वर्षांची फूट मिटली. १४२० मध्ये तो उजाड रोममध्ये परतला. शहर सावरण्याचे त्याचे काम थोर आहे, आणि आपल्या भावा-पुतण्यांना जहागिरी देण्याचे कामही तेवढेच ठळक. त्याच वेळी ब्राच्चानोच्या जहागिरीवरचा ओर्सिनींचा हक्कही त्याने मान्य केला. १४३१ मध्ये चौथा युजीन आला आणि कोलोन्नांकडून सगळे परत मागू लागला. लढाई जुंपली, १४३४ मध्ये पोपला होडीतून पळावे लागले आणि १४३७ मध्ये त्याच्या सेनापतीने, वितेलेस्कीने, पालेस्त्रीना पुन्हा जमीनदोस्त केले.

यानंतरच्या पाऊणशे वर्षांत पोप बदलला की डाव पालटे. १४८४ मध्ये चौथ्या सिक्स्तसच्या पुतण्याने ओर्सिनींना हाताशी धरले. तोवर कोलोन्नांकडे आलेला मारीनोचा किल्ला देऊनही लोरेन्झो ओद्दोने कोलोन्नाचा ३० जूनला शिरच्छेद झाला. सहाव्या अलेक्झांडरने १४९६ मध्ये ओर्सिनींवर मोहीम काढली, १५०१ मध्ये कोलोन्नांची ठाणी जप्त केली आणि १५०२ च्या अखेरीस त्याचा मुलगा चेझारे बोर्जाने सेनिगाल्यात ओर्सिनी सरदारांना जाळ्यात पकडले. १५०३ मध्ये पोप मरताच दोघेही आपापल्या मुलखात परतले.

१४९८ चे प्रकरण मी इथे मुद्दाम वेगळे काढतो, कारण सामान्य कथनात ते एका ओळीत उरकते. आल्बे आणि ताल्याकोत्झो या नेपल्सच्या राज्यातल्या जहागिरीवर दोन्ही घराण्यांचा दावा होता. एप्रिलमध्ये पालोम्बाराजवळ कोलोन्नांनी ओर्सिनींचा पराभव केला. मग जुलैमध्ये तिवोलीत दोघांनी आपापसात तह केला, पोपला मध्यस्थ न करता, आणि ताल्याकोत्झोचा निवाडा नेपल्सच्या राजावर सोपवला. आपल्या भांडणाचा फायदा बोर्जा पोप उठवतो आहे हे त्यांनी ओळखले होते. पिढ्यांचे रक्तवैर असते तर विजयानंतर तीन महिन्यांत असा तह झाला असता का? असे प्रसंग वाचून माझे मत बनत गेले आहे की हा संघर्ष दोन घराण्यांचा नसून तिघांचा होता. तिसरा पक्ष पोप. आणि तो दर आठ-दहा वर्षांनी नव्या घराण्यातून, नव्या पुतण्यांसह येत असे.

२० सप्टेंबर १५२६ रोजी कार्डिनल पोम्पेओ कोलोन्ना स्पेनच्या मदतीने व्हॅटिकनवर चालून गेला आणि सातव्या क्लेमेंटला सान्त-आंजेलोच्या किल्ल्यात लपावे लागले. पोपच्या फौजेने सूड म्हणून कोलोन्नांची गावे जाळली. मे १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोम लुटले तेव्हा हाच पोम्पेओ शहराची दशा पाहून हेलावला आणि त्याने आपल्या वाड्यात निर्वासितांना आसरा दिला.

जुनी मांडणी आणि तिची उत्तरे

या सगळ्याचा अर्थ लावणारी पहिली प्रभावी मांडणी माकियावेल्लीची. ‘राजा’ या ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात तो म्हणतो की ओर्सिनी आणि कोलोन्ना हे दोन तट पोपच्या डोळ्यांदेखत शस्त्र धरून उभे असत आणि त्यामुळे पोपपद दुबळे राहिले. त्याचे आणखी एक निरीक्षण आहे, ज्याकडे फार काळ लक्ष गेले नाही. पोपची कारकीर्द सरासरी दहा वर्षांची. तेवढ्यात एक तट जेमतेम दबतो आणि पुढचा पोप दुसऱ्याला दाबताना पहिल्याला पुन्हा उभा करतो.

एकोणिसाव्या शतकात फेर्दिनांद ग्रेगोरोव्हियस यांनी रोम शहराचा मध्ययुगीन इतिहास आठ खंडांत लिहिला. त्यांच्या लेखी सरदार म्हणजे अराजक: नागरिकांच्या स्वातंत्र्याचे मारेकरी, प्राचीन वास्तू फोडून बुरूज बांधणारे. कथनाची ताकद अशी की आजही लोकप्रिय लेखन याच चौकटीत चालते.

या चौकटीला सर्वांत गंभीर उत्तर सांद्रो कारोच्ची यांनी १९९३ च्या ‘रोमचे बॅरन’ या ग्रंथात दिले. तेराव्या शतकात रोमभोवतीचा मुलूख डझनभर घराण्यांच्या हाती कसा गेला, हे त्यांनी खरेदीखते, मृत्युपत्रे आणि वाटणीपत्रे वाचून दाखवले. ही घराणी अनादि सरंजामदार नव्हती. पोपच्या दरबारात पैसा येत होता, त्या दरबारात ज्याचा काका किंवा भाऊ कार्डिनल झाला त्याने तटबंदीची गावे विकत घेतली. म्हणजे पोपपदाने ज्यांना पोसले त्यांनीच पुढे पोपपदाला वेठीस धरले. कारोच्चींच्या मते नातलगशाही हा नुसता नैतिक दोष नव्हता. निवडून येणाऱ्या, वारस नसणाऱ्या राजाला भरवशाची माणसे हवी असत आणि ती घरातूनच येत.

तिसरी भूमिका झाँ-क्लोद मेर-व्हिग्यर यांची, २०१० ची. रोम म्हणजे पोप आणि बॅरन एवढेच नव्हे, असे ते आग्रहाने सांगतात. मोठे पशुपालक, शेतजमिनींचे मालक, व्यापारी आणि छोटे सरदार यांचे स्वतःचे नगरराज्य होते आणि १३६३ च्या नगरनियमांनी बॅरनना सत्तेबाहेर ठेवले होते. हे वाचल्यावर जुन्या कथेचा तोल बदलतो. दोन घराण्यांचे भांडण शहरभर पसरले की शहरातल्या गटांनी आपापल्या भांडणासाठी त्या घराण्यांची नावे घेतली, हा प्रश्न उभा राहतो. कारोच्ची आणि मेर-व्हिग्यर परस्परविरोधी नाहीत. पण बॅरनांची शहरावरची पकड किती होती, याबद्दल त्यांच्या लेखनाचा सूर वेगळा आहे आणि तो मुद्दा अजून मिटलेला नाही.

ग्वेल्फ आणि गिबेलिन

कोलोन्ना गिबेलिन, म्हणजे सम्राटाचे. ओर्सिनी ग्वेल्फ, म्हणजे पोपचे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. पण पोपच्या सैन्याशी लढणारे ओर्सिनी आणि पोप झालेला कोलोन्ना पाहिल्यावर हे शिक्के पोकळ वाटतात. बराच काळ इतिहासकारांनी ते पोकळच मानले. तेराव्या शतकानंतर या नावांना अर्थ उरला नाही, असे ते म्हणत.

अलीकडे ही भूमिका मागे पडली आहे. मार्को जेंतिले यांनी २००५ मध्ये संपादित केलेल्या प्रबोधनकालीन ग्वेल्फ-गिबेलिनांवरच्या ग्रंथाने प्रश्न नव्याने मांडला. क्रिस्तीन शॉ यांचे ओर्सिनींवरचे आणि पुढे २०१५ मध्ये इटलीतल्या लष्करी सरदारांवरचे काम त्याला जोडून वाचावे. पोपच्या राज्यातल्या लहान लहान नगरांत दोन तट होते आणि संकटात त्यांना बाहेरचा पाठीराखा लागे. एक तट कोलोन्नांकडे धाव घेई, म्हणून दुसरा ओर्सिनींकडे. घराण्याला त्यातून माणसे, वाटा आणि वेशी उघडणारे हात मिळत. म्हणजे विचारसरणी विरली तरी संघटना जिवंत होती. शॉ आणखी दाखवतात की या सरदारांचे उत्पन्न मोठ्या प्रमाणात नेपल्स, मिलान, फ्लोरेन्स, व्हेनिस यांच्या लष्करी करारांतून येई, त्यामुळे एकटा पोप त्यांना चिरडू शकत नसे. यावर आक्षेप असा की लहान नगरांचे पुरावे जिथे भरपूर आहेत तिथूनच निष्कर्ष काढला जातो आणि बाकी मुलखाला तो लावला जातो. आक्षेप रास्त आहे.

पराभव कसला आणि केव्हाचा

सर्वाधिक वाद बॅरनांच्या उतरणीबद्दल आहे. पाओलो प्रोदी यांच्या १९८२ च्या ग्रंथाने सांगितले की पोप हा धर्मगुरू आणि राजा अशा दोन्ही भूमिका एकत्र करून युरोपातल्या आधुनिक राज्याचा एक प्रारंभिक नमुना घडवत होता. त्या चित्रात बॅरनांचे माणसाळणे हा मुख्य टप्पा ठरतो. ऑगस्ट १५११ मध्ये ‘रोमन शांतता’ नावाच्या करारावर सरदारांनी सह्या केल्या, तो अनेकांना मैलाचा दगड वाटतो. दुसऱ्या ज्युलियसने आपली मुलगी फेलिचे ओर्सिनींच्या घरात दिली होती आणि भाची कोलोन्नांच्या, हेही त्याच धोरणाचा भाग म्हणून सांगितले जाते. पण करारानंतर पंधरा वर्षांनी कोलोन्ना व्हॅटिकनमध्ये घुसलेच.

झाँ देल्युमो यांनी १९५० च्या दशकातच वेगळे कारण पुढे ठेवले होते: कर्ज. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाडे, हुंडे आणि थाट यांत सरदार बुडाले. १५९६ मध्ये आठव्या क्लेमेंटने बॅरनांची कर्जे वसूल करण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले, जे त्यांच्या जहागिरी विकू शकत असे. १६३० मध्ये पालेस्त्रीना आठव्या अर्बनच्या भावाने, कार्लो बार्बेरिनीने, विकत घेतले. तोफा आणि नांगर यांनी जे साधले नाही ते सावकारांच्या वह्यांनी साधले. १६९६ मध्ये ओर्सिनींचे ब्राच्चानो ओदेस्काल्की घराण्याकडे गेले.

तिसरे मत स्पेनकडे बोट दाखवते. ताल्याकोत्झोमुळे कोलोन्ना नेपल्सच्या राजाचे, म्हणजे पुढे स्पेनचे, सरदार झाले. त्यामुळे १५४१ मध्ये तिसऱ्या पॉलने मिठाच्या करावरून त्यांची ठाणी घेतली आणि १५५६ मध्ये चौथ्या पॉलने त्यांचे पालियानो आपल्या पुतण्याला दिले, तरी स्पेनच्या जोरावर मार्कान्तोनियो कोलोन्ना परत उभा राहिला. १५७१ मध्ये लेपान्तोच्या लढाईत पोपच्या गलबतांचा सेनापती तोच होता, आणि नंतर सिसिलीचा व्हाइसरॉय. त्याची पत्नी फेलिचे ओर्सिनी होती. आलेस्सांद्रो सेरिओ यांच्या २००८ च्या ग्रंथाने १४३१ ते १५३० या काळातल्या कोलोन्नांच्या वाटचालीला ‘गौरवशाली पराभव’ म्हटले. स्वतंत्र सत्ता गेली, पण मोठ्या साम्राज्यातले मानाचे स्थान मिळाले.

ही तीन मते एकमेकांना पूर्णपणे खोडत नाहीत. माझ्या मते देल्युमोंच्या हिशेबांना सर्वांत भक्कम आधार आहे. मात्र कर्ज ओर्सिनींनाही होते आणि कोलोन्नांनाही. एक घराणे स्पेनच्या आश्रयाने तगले आणि दुसरे तुलनेने मागे पडले, याचे उत्तर हिशेबवह्यांत सापडत नाही.

अजून उघडे असलेले प्रश्न

पहिला प्रश्न साधनांचा. १४८४ च्या शिरच्छेदाचे हृदयद्रावक वर्णन स्तेफानो इन्फेस्सुराच्या रोजनिशीत आहे आणि तो कट्टर कोलोन्नापक्षीय होता. पोपच्या बाजूचे लेखक उलट टोकाला जातात. या पक्षपाती कथनांवर बसलेले थर कागदपत्रांनी किती खरवडता येतील, याला मर्यादा आहेत. कोलोन्नांचे दफ्तर आता सुबियाकोच्या सान्ता स्कोलास्तिका मठात अभ्यासकांना खुले आहे. ओर्सिनींचे मात्र विखुरलेले: मोठा भाग रोमच्या कापितोलिन दफ्तरखान्यात, तर काही कागद थेट लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात. काएतानींची कागदपत्रे १९२० च्या दशकापासून छापून आली असल्याने अनेक प्रसंग नकळत काएतानींच्या खिडकीतून पाहिले गेले. दोन्ही मोठ्या घराण्यांची दफ्तरे शेजारी ठेवून केलेला तौलनिक अभ्यास अजून हवा आहे.

दुसरा प्रश्न स्त्रियांचा. वित्तोरिया कोलोन्नावर पुष्कळ लिहिले गेले, पण बव्हंशी तिच्या कवितेवर आणि धर्मसुधारकांशी असलेल्या तिच्या संबंधांवर. मिठाच्या करावरून भाऊ आस्कानियो आणि तिसरा पॉल यांच्यात तंटा पेटला तेव्हा तिने केलेली मध्यस्थी राजकीय कृती म्हणून वाचायला अलीकडे सुरुवात झाली. १४९६-९७ मध्ये ब्राच्चानोचा किल्ला पोपच्या फौजेविरुद्ध लढवणारी बार्तोलोमेआ ओर्सिनी आणि नवऱ्यामागे ओर्सिनींची जहागीर चालवणारी दुसऱ्या ज्युलियसची मुलगी फेलिचे देल्ला रोव्हेरे ही उदाहरणे एकेकटी सांगितली जातात. सासर-माहेर शत्रुपक्षांत असलेल्या या बायका तहाच्या वाटाघाटींत नेमके काय करत होत्या, याचा एकत्रित शोध झालेला नाही.

तिसरा प्रश्न गावांचा, आणि मला तोच सर्वांत तातडीचा वाटतो. कॅरोलाइन कास्तिल्योने यांनी २००५ मध्ये बार्बेरिनींच्या गावांतले लोक आपल्या जहागीरदाराशी कायद्याच्या भाषेत कसे झगडले, हे १६४० नंतरच्या कागदांतून दाखवले. गावकरी तिथे मूक प्रजा म्हणून दिसत नाहीत. ते अर्ज करतात, नियमांचा कीस काढतात, रोमला माणसे पाठवतात. हीच चौकशी दोन शतके मागे नेता येईल का? जेनात्झानो किंवा मारीनोच्या गावसभांनी कोलोन्नांकडून मिळवलेले करार, सवलती आणि नियम आहेत. पाचव्या मार्टिनने दिलेली जहागीर चौथ्या युजीनने काढून घेतली तेव्हा त्या गावाचे धान्य, पाणी, चराई आणि फौजदारी न्याय यांत काय फरक पडला, हे अशा कागदांतून शोधावे लागेल. फरक मोठा आढळला तर गावकऱ्यांची कोलोन्नांवरची निष्ठा हा हिताचा हिशेब ठरेल आणि तटांबद्दलची शॉ यांची मांडणी बळकट होईल. फरक नगण्य निघाला तर लोक एखाद्या घराण्यासाठी घर जळेपर्यंत का लढले, याचे उत्तर दुसरीकडे शोधावे लागेल. सुबियाकोतल्या कागदांत या बाजूने काम करायला भरपूर वाव आहे.